मुंबईत नवीन राहायला आलेल्या परदेशी मित्रासाठी उन्हाळ्याची टीप

तुमच्या ऑफिसात किंवा बिल्डिंगमध्ये कोणी थंड देशातून राहायला आलं असेल तर एप्रिल मे च्या आधी त्यांना एक गोष्ट नक्की सांगा, की इथे फोनवर ३३ डिग्री दिसलं म्हणून निर्धास्त राहायचं नाही. समुद्रामुळे हवेत दमटपणा इतका असतो की घाम सुकतच नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होणार कसं? त्यात ही मंडळी नुसतं पाणी पीत राहतात, पण घामातून मीठ पण जातं ना, मग डोकं दुखतं, पायात गोळे येतात.

म्हणून घरी ओआरएसची, म्हणजे पाण्यात घालायच्या मीठ-साखरेच्या पावडरची पाकिटं ठेवायला सांगा. मोठं पाकीट १ लिटर पाण्यासाठी असतं आणि छोटं २०० मिलीसाठी, ते पाकिटावर वाचूनच करायचं, अर्ध्या ग्लासात मोठं पाकीट ओतायचं नाही, आणि केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं नाहीतर फेकायचं. दुकानातलं गोड ज्यूस म्हणजे ओआरएस नाही हे पण सांगा, बरेच जण तिथेच फसतात. रोजच्यासाठी मीठ घातलेलं ताक, कोकम सरबत, शहाळं मस्त. कपडे सैल सुती.

आणि कोणी बरळायला लागलं, अंग तापलं तर ओले कपडे अंगावर, पंखा फुल आणि लगेच अँब्युलन्ससाठी १०८ ला फोन, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका.