ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपसाठी ट्यून निवडताय? या चुका टाळा

मे महिना लागला की कोलोरॅडोत कॅम्पिंगचे, राहायच्या सोयीचे ट्रेलर बाहेर निघतात आणि माझा फोन वाजायला लागतो. प्रश्न ठरलेला असतो: "डिझेल पिकअप घेतलीय, किती हॉर्सपॉवरचा ट्यून टाकू?" ट्यून म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या कंप्युटरमध्ये चढवलेली बदललेली फाइल. मी उलट दोन गोष्टी विचारतो. पाणी, गॅस, सामान भरल्यावर ट्रेलरचं वजन किती होतं? आणि तुमच्या वाटेवरचा सगळ्यात लांब चढ कुठला? याची उत्तरं नसतील तर ट्यूनचा विषय काढायची वेळ अजून आलेली नाही. ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर भरलेला ट्रेलर जोडून एकदा गाडी उभी करा, मग बोलू. कंपनीच्या पत्रकात छापलेलं असतं ते रिकाम्या ट्रेलरचं वजन.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे रेसची फाइल टाकून ट्रेलर ओढणं. आमच्या एका मित्राने, मूळच्या साताऱ्याच्या, 2006 ची सिल्व्हराडो 2500 घेतली. एलबीझेड ड्युरामॅक्स इंजिन, 6.6 लिटर, कारखान्यातून निघताना 360 हॉर्सपॉवर. आधीच्या मालकाने पाच जागांचा स्विच बसवून घेतलेला. एकवर मूळ फाइल, दोनवर टोइंगची, तिथून वाढत वाढत पाचवर रेसिंगची. मोआबहून डेन्व्हरला परत येताना मी शेजारच्या सीटवर होतो. मागे भरलेला ट्रेलर, नऊ हजार पौंड, म्हणजे चार टनांच्या वर. व्हेल पासचा घाट आम्ही दोनवर चढलो. सावकाश, पण अगदी व्यवस्थित. तिथे दोन-तीन गाड्या आम्हाला मागे टाकून गेल्या, ते त्याच्या मनाला लागलं असावं. सिल्व्हरथॉर्नला डिझेल भरल्यावर त्याने स्विच चारवर नेला.

तिथून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत साधारण आठ मैलांचा चढ आहे, सात टक्क्यांचा. बोगद्याचं पश्चिमेकडचं तोंड 11,158 फुटांवर आहे. तिथली हवा समुद्रकाठच्या हवेच्या मानाने जेमतेम सत्तर टक्के दाट असते. "अरे, बघ ना कशी ओढतेय! मागे ट्रेलर आहे असं वाटतच नाही," तो म्हणाला. मी काचेशेजारच्या पायरोमीटरकडे, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान दाखवणाऱ्या गेजकडे बघत होतो. काटा 1,200 फॅरनहाइटवरून दुसऱ्या मैलाला 1,400 वर गेला, मग 1,500 च्या पुढे. आरशात पाहिलं तर ट्रेलरच्या पांढऱ्या पत्र्यावर काजळीचा पट्टा उमटत होता. मी दोनदा सांगितल्यावर त्याने पाय उचलला. बोगदा आला, घरीही पोचलो. पुढच्या आठवड्यात इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, तर तिथून भकाभका धूर. कॉम्प्रेशन एका सिलिंडरला पडलेलं. उघडल्यावर पिस्टनला पिनच्या रेषेत आडवी भेग. एलबीझेडच्या पिस्टनची ही जागा नाजूक आहे हे ड्युरामॅक्सवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भेग कदाचित आधीच पडायला लागली असेल, पण त्या दहा मिनिटांनी काम पुरं केलं.

दहा मिनिटं, हे नीट समजून घ्या. रिकामी गाडी रेसच्या फाइलवर आठ-दहा सेकंद दाबली तर पिस्टन तापायला लागेपर्यंत तुम्ही पाय उचललेला असतो. ट्रेलर घेऊन घाट चढताना इंजिन दहा-पंधरा मिनिटं सलग पूर्ण ओझ्याखाली असतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, आणि ॲल्युमिनियम 660 सेल्सिअसला वितळतं, म्हणजे 1,220 फॅरनहाइटला. एक्झॉस्टचा वायू त्याहून गरम असूनही पिस्टन टिकतो, कारण खालून ऑइलचे फवारे आणि बाजूने कूलंट त्याची उष्णता काढून घेत असतात. त्यांनाही मर्यादा आहे. म्हणून लांब चढावर एक्झॉस्टचं तापमान 1,250 फॅरनहाइटच्या आसपास ठेवायचं, 1,300 ला पाय ढिला करायचा, हा माझा नेम आहे. पायरोमीटरचा प्रोब टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच हवा. टर्बोच्या मागे बसवलेला प्रोब दोनशे-तीनशे अंश कमी दाखवतो आणि माणूस निर्धास्त राहतो.

याच्या उलटी चूक हल्ली हुशार नवशिके करतात. "माझा ट्यून थंड आहे, अकराशेच्या वर जातच नाही." तो थंड का आहे, हे विचारलंय का? डिझेल लवकर सोडलं, म्हणजे टायमिंग पुढे घेतलं, की जळण सिलिंडरमध्येच जास्त पुरं होतं आणि एक्झॉस्टचं तापमान खाली येतं. पण तेवढाच सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि तो हेड गॅस्केट, हेडचे बोल्ट आणि कनेक्टिंग रॉडवर येतो. फोर्डच्या 6.0 पॉवर स्ट्रोकसारख्या, आधीच हेड गॅस्केटसाठी बदनाम असलेल्या इंजिनावर असा ट्यून टाकणं म्हणजे हातानं दुखणं ओढवून घेणं. चांगला टोइंग ट्यून या दोहोंच्या मधला असतो. मूळ ताकदीवर चाळीस ते साठ हॉर्सपॉवर, तेही मधल्या आरपीएमला. कमी आरपीएमला टॉर्क ओतणाऱ्या फाइलपासून लांब राहा. चढावर मी गिअर खाली घेऊन 2,200 ते 2,500 आरपीएमवर चालवतो. हवा जास्त, पाण्याचा पंप जोरात, पंखा जोरात. आवाज वाढतो म्हणून लोक घाबरतात आणि 1,500 वर टॉप गिअरमध्ये इंजिन कण्हायला लावतात. इंजिनाला त्रास आवाजाने होत नाही, असल्या कण्हण्याने होतो.

गिअरबॉक्सकडे तर कोणी बघतच नाही. इंजिनाची फाइल बदलली आणि गिअरबॉक्सच्या कंप्युटरला सांगितलंच नाही, तर वाढलेला टॉर्क तो जुन्याच हिशोबाने झेलायला जातो. ड्युरामॅक्ससोबत येणारा ॲलिसन 1000 गिअरबॉक्स ही अतिशय चांगली पेटी आहे, पण क्लच घसरतोय असं तिला कळलं की ती लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे स्वतःला वाचवायला गिअर आणि ताकद मर्यादित करते, आणि हे नेमकं चढावर, मागे गाड्यांची रांग असताना होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे ट्यून एकाच माणसाकडून, एकत्रच करून घ्यावेत. लाइन प्रेशर (पेटीतल्या तेलाचा दाब), गिअर बदलायची वेळ, इंजिन आणि पेटीला जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर कधी लॉक होतो, हे सगळं ट्रेलरसह ठरवायचं. चढावर कन्व्हर्टर सारखा उघड-बंद होत असेल तर पेटीचं तेल तापणारच. त्याचं गेज नसेल तर ट्यूनच्या आधी ते बसवा.

मित्राच्या गाडीची फाइल मागून घेऊ नका. दिसायला त्याची आणि तुमची गाडी सारखी असेल. इंजेक्टर, टर्बो, इनटेकच्या नळीचा व्यास यांतला एखादाही वेगळा असला तर ती फाइल तुमची नाही. आणि ट्यूनरला बदललेल्या सुट्या भागांची पूर्ण यादी द्या. मोठा टर्बो बसवलाय हे कमीपणा वाटून लपवणारे लोक मी पाहिलेत, आणि मग खालच्या आरपीएमला काळा धूर येतो म्हणून ट्यूनरलाच बोल लावतात.

टायर बदलले असतील तर तेही सांगा. साडेतीस इंचांच्या जागी 35 इंचांचे टायर आले की 3.73 गिअर रेशोचा ॲक्सल जवळपास 3.25 सारखा वागतो. तिथे ट्यून वाढवून उपयोग नाही. आधी ॲक्सलचे गिअर बदला.

फाइल चढवताना बॅटरीला चार्जर लावा. मधेच व्होल्टेज पडलं तर कंप्युटर निकामी होऊ शकतो. मूळ फाइल आधी जपून ठेवा, तीही दोन ठिकाणी.

ट्यूनने ब्रेक, हिच, टायर आणि गाडीवर लिहिलेली वजनाची मर्यादा वाढत नाही. चढवता आलं म्हणजे उतरवताही येईल असं नाही. त्याच बोगद्याच्या पश्चिमेकडच्या उतारावर बेकाबू ट्रकसाठी रॅम्प बांधलेले आहेत, ते उगाच नाहीत.

आता ईजीआर (एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) आणि डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाकण्याबद्दल. "ते काढायचा ट्यून सोबत फुकट मिळतोय" म्हणून घेणारे बरेच आहेत. अमेरिकेत हे काढणं म्हणजे क्लीन एअर ॲक्टचा भंग आहे. डिसेंबर 2023 मध्ये, रॅम पिकअपच्या इंजिनांत प्रदूषण तपासणीला चकवणारी यंत्रणा बसवल्याच्या आरोपांवरून, ती इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सने 167.5 कोटी डॉलर दंड मान्य केला. एवढ्या मोठ्या कंपनीची सुटका झाली नाही. शिवाय डीपीएफ काढलेल्या गाडीच्या मागे ट्रेलरमध्ये आपलीच मुलं झोपणार असतात, पत्र्यावर आणि पडद्यांवर काजळी बसलेली असते. हे मला पटत नाही, कधी पटणारही नाही. प्रदूषणाची यंत्रणा शाबूत ठेवून उत्तम टोइंग ट्यून मिळतात. कॅलिफोर्नियात राहत असाल तर त्या ट्यूनला सीएआरबीचा (तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा) ईओ नंबर, म्हणजे मंजुरीचा क्रमांक आहे का, तेवढं पैसे देण्याआधी बघा.

भारतातूनही फोन येतात, बहुतेक इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपवाल्यांचे. त्यांना एवढंच सांगतो, की मोटार वाहन कायद्याचं गाडीत बदल करण्याबद्दलचं कलम 52 आधी वाचा आणि विमा कंपनीला लेखी विचारा.

राहता राहिली घाई. सकाळी फाइल आली, दुपारी चढवली, संध्याकाळी ट्रेलर जोडून निघाले, असं करू नका. मी आधी मूळ फाइलवर, भरलेला ट्रेलर लावून, नेहमीचा एक चढ चढतो आणि लॉग घेतो: एक्झॉस्टचं तापमान, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब), रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब), कूलंट आणि पेटीच्या तेलाचं तापमान. तो लॉग ट्यूनरला पाठवतो, मग त्याची फाइल येते. ती चढवून पुन्हा तोच चढ, तोच ट्रेलर, तेवढाच वेग, आणि होता होईल तो तशीच उन्हाची दुपार. दोन्ही लॉग शेजारी ठेवले की कुठे कमी करायचं ते दिसतं. माझ्या स्वतःच्या गाडीला तिसऱ्या फाइलपर्यंत जावं लागलं, त्यात दीड महिना गेला. साताऱ्याच्या मित्राच्या नव्या इंजिनाला चार फाइली लागल्या. पाच जागांचा स्विच त्याने स्वतःच काढून टाकला.