सेमिनरीतलं खुलं व्याख्यान ऐकायला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

सेमिनरी म्हटलं की लोकांना वाटतं ती फक्त फादर नाहीतर पाळक होणाऱ्यांची जागा, आपण आत गेलो तर कुणीतरी विचारणार की तुम्ही कोण, कुठल्या चर्चचे. असं काही नसतं हो. बऱ्याच सेमिनऱ्या काही व्याख्यानं मुद्दाम सगळ्यांसाठी ठेवतात. आणि विषय फक्त बायबलपुरते असतील हेही डोक्यातून काढा. 1898 मध्ये डच धर्मपंडित अब्राहम कायपर अमेरिकेतल्या प्रिन्स्टन सेमिनरीत स्टोन व्याख्यानं (तिथली एक व्याख्यानमाला) द्यायला गेले तेव्हा विषय कॅल्विनवाद, म्हणजे जॉन कॅल्विनच्या शिकवणीवरचा प्रोटेस्टंट विचार, होता, पण सहा व्याख्यानांत राजकारण, विज्ञान, कला सगळं आलं. 1962 ला स्विस धर्मपंडित कार्ल बार्थही तिथे बोलून गेले.

आधी कार्यक्रमाची सूचना नीट वाचा. व्याख्यान, उपासना, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, रिट्रीट (प्रार्थना-मननासाठी एकांतात राहणं) हे सगळे वेगळे प्रकार आहेत, "सर्वांसाठी खुलं" असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा, कुणी रागवत नाही. कॅथलिक सेमिनरी असेल तर हॉल आणि चॅपल (आतलं छोटं प्रार्थनाघर) सोडून इकडे तिकडे फिरू नका. 1563 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने धर्मगुरू घडवायला सेमिनऱ्या काढायचं ठरवलं तेव्हापासून मुलं तिथेच राहून शिकतात, म्हणजे ते त्यांचं घरच आहे.

तयारी एकच पण ती कराच. विषयात बायबलमधला उतारा दिला असेल, समजा रोमकरांस पत्राचा 8 वा अध्याय, तर तो आदल्या दिवशी सबंध वाचा, फक्त ती ओळ नाही, मागचा पुढचा भाग पण. वक्ता तो तुम्हाला माहीत आहे असं धरूनच बोलतो. मधेच ग्रीक हिब्रू शब्द येतील, घाबरू नका, ऐकू येईल तसा देवनागरीत लिहून ठेवा, नंतर विचारता येतो. व्याख्यानमाला तीन-चार दिवसांची असेल तर पहिला दिवस चुकवू नका, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं असतं, थेट शेवटच्या दिवशी गेलात तर निष्कर्ष ऐकाल पण तो कुठून आला ते कळणार नाही.

काही ठिकाणी व्याख्यानाआधी उपासना असते. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, गाणं म्हणायची सक्ती नाही, डोळे मिटायची पण नाही. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी, असेल तर मात्र नीट लक्ष द्या. कॅथलिक मिस्सामध्ये (म्हणजे त्यांच्या उपासनेत) कम्युनियन, म्हणजे हेच प्रभुभोजन, साधारणपणे कॅथलिकांनाच देतात, प्रोटेस्टंट चर्चमध्ये नियम वेगवेगळे, कुणी पुढे यायचं ते बरेचदा सांगतात. शंका असली तर जागेवर बसून राहा, तो अपमान कुणी मानत नाही, उलट न समजता पुढे जाण्यापेक्षा ते जास्त आदराचं आहे असं मला वाटतं.

आता प्रश्नोत्तरं. माझ्या मते खरं व्याख्यान इथे सुरू होतं आणि नेमके याच वेळी अर्धे लोक उठून जातात, कृपा करून थांबा. भाषण लिहून आणलेला वक्ता इथे न लिहिलेलं बोलतो. प्रश्न एका वाक्यात विचारा, "तुम्ही अमुक म्हणालात, मग तमुकचं काय" इतकंच पुरे. माइक हातात आला की साक्ष द्यायची (स्वतःच्या विश्वासाचा अनुभव सांगायचा) किंवा स्वतःचं छोटं प्रवचन करायचं टाळा, त्यात मागच्या चार जणांची वेळ जाते. तुमचा विश्वास वेगळा असेल किंवा नसेलच तरी विचारा, मान ठेवून विचारलेला अवघड प्रश्न तिथल्या शिक्षकांना आवडतो, त्यांचं काम तेच आहे.

संपल्यावर लगेच गेटकडे पळू नका. वक्त्याभोवती गर्दी असेल तर शेजारच्या विद्यार्थ्याशी बोला, या विषयावर पहिलं काय वाचू म्हणून विचारा, आणि लायब्ररी बाहेरच्यांना वापरता येते का तेही विचारून घ्या.