पुरुमेंताची लाकडे : चेनसॉ कसा चालवावा, चेनला धार कशी लावावी

चेनसॉला धार आहे की नाही, हे खाली पडणारा भुसा सांगतो. धार असेल तर खोबऱ्याच्या जाड किसासारखे तुकडे उडतात. पिठासारखी भुकटी पडू लागली की समजावे, चेन बोथट झाली. आमच्याकडे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात हे लक्षात येते ते नेमके मे महिन्याच्या शेवटी. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, गडबड चाललेली, न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली पावसाळाभर पुरतील एवढी लाकडे मांगरात (खोपीत) पडायची असतात आणि आभाळ भरून आलेले असते. मग थांबून धार लावायचा कंटाळा येतो आणि माणूस मशीन लाकडावर रेटतो. मी पाहिलेले निम्मेअधिक बिघाड आणि जवळजवळ सगळ्या जखमा त्या रेटण्यातल्या आहेत.

कापायचे काय, ते आधी ठरवा. उभ्या झाडाला हात लावू नका. गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे स्वतःच्या भाटातले (बागायतीतले) झाड तोडायलाही वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि झाड पाडणे हे कसबच वेगळे. इथे बोलतो आहे ते जमिनीवर आडव्या पडलेल्या लाकडाबद्दल. त्यातही वादळात पडलेल्या झाडापासून जपून. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने झाडे आणि विजेचे खांब एकाच वेळी लोळवले होते. तारेला टेकलेली फांदी वीज खात्याची माणसे येईपर्यंत तशीच राहू द्यावी. मुळासकट उन्मळलेल्या झाडाचे खोड बुंध्याशी तोडले, की मुळांचा गड्डा कधी कधी झपकन परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात कोणी उभे राहू नये, मुलांना तर जवळपासही फिरकू देऊ नये.

लाकूड नीट पाहून घ्या. कुंपणाच्या कडेच्या काजूत काटेरी तार गिळलेली असते, फणसात कपड्यांच्या दोरीचा खिळा असतो. माडाचे खोड फुकट मिळाले तरी मी चेनसॉने कापत नाही. बाहेरची साल-काठ इतकी कठीण की धार पाहता पाहता जाते.

अंगावर काय घालावे

मेच्या उकाड्यात जाड पँट नकोशी वाटते, ठाऊक आहे. तरीही लुंगी, हाफ पँट आणि स्लिपर घालून मशीन उचलू नका. चेन सुरीसारखी सरळ कापत नाही, मांस ओरबाडून नेते. बंद जाड बूट, डोळ्यांना चष्मा, कानांना मफ (आवाज १०० डेसिबलच्या वर जातो) आणि जमल्यास मांड्यांवर बांधायचे खास चॅप्स. गळ्यात टॉवेल नको. हाकेच्या अंतरावर एक माणूस हवाच आणि १०८ लावायला त्याच्याकडे मोबाइल हवा.

पेट्रोल आणि तेल

टाक्या दोन असतात आणि नवखा माणूस इथेच चुकतो. एका टाकीत पेट्रोल आणि टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनच्या) ऑइलचे मिश्रण, दुसरीत चेनसाठीचे तेल. बहुतेक मशीनना ५०:१ चे मिश्रण चालते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल. काहींना २५:१, म्हणजे ४० मिली लागते. आपल्या मशीनच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते पाहा. माझ्या भाच्याने एकदा घाईत स्कूटरसाठी आणलेले नुसते पेट्रोल ओतले. पाव तासात पिस्टन जाम झाला आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून मी नवीनच मशीन घेतले.

चेनचे तेल पेट्रोलबरोबर दर वेळी भरावे. गाडीतून काढलेले जळके काळे ऑइल घालू नका. त्यातली धातूची कीस पंप खाते. तेल येते की नाही हे बघायला मशीन चालू करून पट्टीचे (चेन जिच्या कडेने फिरते त्या लांब पात्याचे) टोक एखाद्या पुठ्ठ्यासमोर धरा. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. पेट्रोल भरताना इंजिन थंड असावे आणि जिथे भरले तिथून तीन-चार मीटर दूर जाऊन मशीन सुरू करावे.

चेनचा ताण आणि सुरुवात

इंजिन बंद ठेवून, हातमोजे घालून चेन वर ओढून पाहा. ती हाताने सहज फिरावी, पण पट्टीच्या खालच्या बाजूला लोंबू नये. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात सैल पडते, तेव्हा मध्येच थांबून पुन्हा कसावी.

चेनब्रेक (चेन फिरू न देणारा ब्रेक) लावून मशीन सपाट जमिनीवर ठेवा. उजव्या पायाचा चवडा मागच्या मुठीत, डावा हात पुढच्या मुठीवर ताठ, उजव्या हाताने दोरी. हवेत लोंबकळत ठेवून दोरी ओढणारे खूप दिसतात. त्यांचे बघून शिकू नका. इंजिन थंड असेल तर चोक ओढा, एकदा खोकल्यासारखा आवाज आला की चोक काढा आणि पुन्हा दोरी ओढा.

कापताना

पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला लागू देऊ नका. तिथे चेन अडकली की डोळ्याचे पाते लवायच्या आत मशीन उलटून तोंडाकडे येते. म्हणून डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून घट्ट गुंडाळलेला असावा, उभे राहायचे ते पट्टीच्या रेषेत नाही तर जरा डावीकडे, आणि खांद्याच्या वर मशीन कधीच न्यायचे नाही.

ओंडका कुठे टेकला आहे ते पाहिल्याशिवाय काप सुरू करू नका. दोन्ही टोके टेकलेली आणि मध्ये पोकळी असेल, तर वजनाने वरची बाजू दाबली जाते. अशा वेळी वरून एक तृतीयांश कापून उरलेला काप खालून वर घ्यावा. एकच टोक टेकलेले आणि दुसरे लोंबत असेल, तर उलटे: आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. चुकलात तर पट्टी लाकडात आवळते. आवळली तर ओढाताण नको. इंजिन बंद करून फटीत लाकडी पाचर ठोका.

सगळ्यात चांगले म्हणजे लाकडाची घोडी करून ओंडका तिच्यावर घ्यावा. कंबर वाचते, चेनही वाचते. आमच्या जांभ्या दगडावर चालती चेन एकदा घासली की दिवसभराची धार गेलीच. दीड-दोन विती लांबीचे तुकडे चुलीला पुरतात. पुढे कुऱ्हाडीने ढलप्या फोडायला तीच लांबी सोयीची.

धार

गोल कानस घ्या, पण कुठलीही नाही. चेनच्या पाकिटावर माप असते. घरगुती लहान मशीनला बहुधा ४ मिमी, जरा मोठ्याला ४.८ मिमी. पट्टी शेगड्यात (व्हाइसमध्ये) किंवा ओंडक्याच्या खाचेत घट्ट बसवा, चेनब्रेक लावा. सर्वांत आखूड दात शोधून त्याच्यावर खडूने खूण करा. बाकीचे दात त्याच्याएवढे करायचे आहेत.

दाताच्या आतून बाहेर, ३० अंशांच्या कोनात, दोन-तीन वेळा कानस ढकला. परत आणताना उचला, घासत आणू नका. एका बाजूचे सगळे दात झाले की फिरून दुसऱ्या बाजूचे. दोन्हीकडे कानसीचे फेरे सारखे मोजा, नाहीतर काप एका बाजूला वळत जातो आणि आपण लाकडाला दोष देतो. दाताच्या पुढचे बुटके टेकाड चार-पाच धारांनंतर चपट्या कानसीने, मापपट्टी लावून उतरवावे. दाताच्या टोकापासून ते सुमारे ०.६५ मिमी खाली असावे. अंदाजाने जास्त उतरवलेत तर चेन लाकडाला हपापून धरते आणि मशीन झटके देते.

मी पेट्रोलची टाकी रिकामी झाली की धार लावतो. दहा मिनिटे जातात, तोवर इंजिन थंड होते आणि चहाही होतो.

पावसाळ्यात ठेवताना

रोज कापून झाल्यावर एअर फिल्टर झटकावा, पट्टीची खाच तारेने साफ करावी आणि पट्टी उलटी करून लावावी, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. लाकडे संपली की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओल धरते आणि जूनपासून कार्बोरेटरमध्ये पडून राहिले तर गणेश चवथीच्या तोंडावर मशीन काही केल्या सुरू होत नाही.

लाकडे चिऱ्यांवर उचलून रचा, वर पत्रा, बाजू उघड्या. रास हलवताना आधी काठीने ठोका. फुरसे आणि मण्यार अशा जागा शोधतच असतात.

चेन काढून तेल घातलेल्या डब्यात ठेवा. कानस मात्र त्या डब्यात नको. तेलकट कानस दातावरून नुसती घसरते. ती कोरड्या फडक्यात गुंडाळून चुलीजवळच्या फळीवर ठेवावी.