फिलिपिनो लोककथा मुलांना सांगताना: रंगरूपाचे खटकणारे संदेश कसे ओळखावेत आणि त्यांचे काय करावे

फिलिपिन्समध्ये फार सांगितली जाणारी एक कथा अशी आहे. बाथाला हा तागालोग लोकांचा सर्वोच्च देव मातीची माणसे घडवून भट्टीत भाजतो. पहिली खेप आत जास्त वेळ राहिल्याने करपून काळी होते, दुसरी घाईने बाहेर काढल्याने कच्ची आणि पांढरी राहते, तिसरी मात्र नेमकी भाजली जाते आणि छान तपकिरी होते. तीच फिलिपिनो माणसे. ही कथा मी मुलांच्या एका लहानशा गटाला प्रथम सांगितली तेव्हा ती मला निर्दोष वाटली होती, किंबहुना गोऱ्या रंगाची मिरास नाकारणारी म्हणून आवडलीही होती. कथा संपल्यावर सात वर्षांच्या एका मुलीने विचारले, "मग करपलेल्यांना त्याने परत का नाही केले?" माझ्याकडे उत्तर नव्हते. कथेने तपकिरी मुलाला मान दिला होता खरा, पण तो देण्यासाठी तिने दुसऱ्या कोणाला तरी देवाच्या हातून झालेली चूक ठरवले होते. आणि हे 'दुसरे कोणी' दूरदेशीचे नाहीत, त्याच बेटांवर राहणारे काळ्या वर्णाचे मूलनिवासी, म्हणजे आएता, आती, आग्ता आणि मामान्वा लोक आहेत.

त्या प्रश्नानंतर मी या कथा सांगणे सोडले नाही, सांगण्याची पद्धत बदलली. जे पालक, शिक्षक किंवा अनुवादक या कथा मुलांपर्यंत नेऊ इच्छितात त्यांच्यासाठी ती पद्धत येथे मांडत आहे.

आधी एकट्याने, पेन्सिल घेऊन वाचा

कथा मुलांसमोर नेण्यापूर्वी एकदा स्वतः वाचावी आणि त्वचा, नाक, केस, उंची यांविषयीच्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारावी. मग प्रत्येक शब्द तेथे कोणते काम करतो आहे ते पाहावे: तो निव्वळ वर्णन आहे, की सद्गुणाची खूण, की शिक्षा, की समाजातल्या स्थानाचे कारण? यानंतर तो शब्द काढून कथा पुन्हा वाचावी. कथा तशीच उभी राहत असेल तर तो शब्द बिनदिक्कत गाळावा, कारण तो बहुधा कोणा सांगणाऱ्याने सवयीने घातलेला असतो. शब्द काढल्यावर कथाच कोसळत असेल, तर ती कथा मुळात रंगाविषयीच आहे असे समजावे आणि ती संवादाशिवाय सांगू नये.

बांबू फुटून त्यातून बाहेर आलेल्या पहिल्या स्त्रीपुरुषांची, म्हणजे मालाकास आणि मागांदा यांची कथा या कसोटीला सहज उतरते. तिला त्वचेच्या रंगाची गरजच पडत नाही. तेथे अडचण वेगळी आहे. पुरुषाच्या नावाचा अर्थ 'बलवान' आणि स्त्रीच्या नावाचा अर्थ 'सुंदर', त्यामुळे मागांदाला दिसण्यापलीकडे काही करायला मिळत नाही. तिला दोन कामे द्यावीत, एक निर्णय घेऊ द्यावा, एवढे पुरते.

दुसरी एक तागालोग निर्मितीकथा मात्र या कसोटीवर पार कोसळते. ती मेबल कुक कोल यांच्या १९१६ च्या इंग्रजी संग्रहात आहे. पहिल्या जोडप्याला इतकी मुले होतात की बाप वैतागून काठी उचलतो आणि मुले वाट फुटेल तिकडे पळतात. जी आतल्या गुप्त खोल्यांत लपली ती बेटांचे प्रमुख झाली, जी भिंतींत लपली ती गुलाम, जी बाहेर पळाली ती स्वतंत्र माणसे, जी चुलीत लपली ती काळी माणसे, आणि जी समुद्राकडे गेली त्यांची मुले पुष्कळ वर्षांनी परतली ती गोरी माणसे. एका परिच्छेदात दर्जा, गुलामी आणि वर्ण हे सगळे एकाच धावपळीचे फळ ठरते, जणू त्यात कोणाचा अन्याय नव्हताच.

ही कथा सांगायचीच असेल तर वयाने जरा मोठ्या मुलांना सांगावी, आणि शेवटच्या वाक्यावर थांबून विचारावे की समुद्रावरून येणारी गोरी माणसे या कथेत कधी आली असतील. स्पेनच्या मोहिमेवर निघालेला दर्यावर्दी मॅगेलन १५२१ मध्ये या बेटांवर पोहोचला आणि लेगास्पी या स्पॅनिश सेनानीने स्पॅनिश वसाहत उभारायला १५६५ मध्ये सुरुवात केली. तेव्हा गोऱ्यांचा हा भाग त्यानंतरच कथेला जोडला गेला असणार. लोककथा म्हणजे पूर्वजांनी सीलबंद करून दिलेली ठेव नव्हे, पाहुणा दारात आला की त्याला सामावून घेणारी ती गोष्ट आहे, हे मुलांना या एका उदाहरणावरून चटकन कळते. ते कळले की आपण कथा बदलून सांगतो तेव्हा काही अपराध करतो असे त्यांनाही वाटत नाही आणि आपल्यालाही.

नावांची चौकशी करा

भुताखेतांच्या कथांत रंगाचा भेद सर्वांत बेमालूम लपलेला असतो. फिलिपिनो मुलांना दोन अद्भुत प्राणी लहानपणापासून ठाऊक असतात. काप्रे हा झाडावर बसून तंबाखू ओढणारा, केसाळ, काळा राक्षस. एंगकांतो हे देखणे, उंच, बहुतेक वेळा गोरे आणि फिकट केसांचे, माणसांना आपल्या वैभवशाली लोकी बोलावणारे. दोघेही माणसाला भुलवतात, दोघेही धोकादायक आहेत, पण एकाकडे पाहून मूल किंचाळते आणि दुसऱ्याकडे पाहून हरखते.

दोन्ही नावे स्पॅनिशमधून आलेली आहेत. एंगकांतो म्हणजे मोहिनी, जादू. काप्रे हा शब्द स्पॅनिश 'काफ्रे'वरून आला, तो अरबी 'काफिर'वरून, आणि स्पॅनिश-पोर्तुगीज लोक तो आफ्रिकेतल्या काळ्या माणसांसाठी वापरत. जुन्या मराठीतला 'काफरी' हा याच घराण्यातला. म्हणजे खऱ्या माणसांसाठी वापरलेला शब्द झाडावरच्या राक्षसाला चिकटला. लहान मुलांना ही व्युत्पत्ती सांगण्याची गरज नाही. त्यांच्यासाठी काप्रेला त्याची उंची, त्याच्या तंबाखूचा वास, अंधारात लुकलुकणारा विस्तव आणि वाटसरूंना चकवा देण्याची खोड एवढेच ठेवावे. भीती त्यातूनच उत्तम निर्माण होते आणि कातडीच्या रंगाची आठवणही कोणाला होत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मात्र शब्दाचा प्रवास अवश्य सांगावा.

चित्रे शब्दांहून अधिक शिकवतात

सहा वर्षांखालील मूल कथा कानांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त घेते, म्हणून पुस्तक निवडताना मजकुराइतकीच चित्रे तपासावीत. लागुना प्रांतातल्या माकिलिंग डोंगराची रक्षक देवता मारियांग माकिलिंग हिचे उदाहरण घ्यावे. फिलिपिनो लेखक होसे रिझाल यांनी १८९० मध्ये 'ला सोलिदारिदाद' या नियतकालिकात तिची कथा लिहिली, तेव्हा तिचे डोळे मोठे आणि काळे, केस लांब आणि दाट, आणि वर्ण निर्मळ तपकिरी असल्याचे सांगताना त्यांनी मुद्दाम तागालोग शब्द योजला: कायुमांगगिंग कालिगातान, म्हणजे डोळ्यांना सुखावणारा सतेज तपकिरी रंग. आजच्या पुष्कळ चित्रांत हीच मारिया दुधासारखी पांढरी दिसते. असे चित्र हाती आले तर पुस्तक फेकून देण्याची आवश्यकता नाही. रिझाल यांचे वर्णन मुलांना वाचून दाखवावे, रंगखडू द्यावेत आणि त्या वर्णनातली मारिया काढायला सांगावी. मी हे केले आहे. कागद समोर येताच मुलांनी सवयीने फिक्या गुलाबी खडूला हात घातला. वर्णन दुसऱ्यांदा वाचल्यावर तो खाली ठेवून तपकिरी छटा शोधू लागली.

येथे एक प्रामाणिकपणा पाळावा. गोरेपणाची ओढ सगळी स्पॅनिशांनी आणली असे सांगणे सोयीचे असले तरी खरे नाही. पनाय बेटावर प्रतिष्ठित घरांतील निवडक मुलींना 'बिनुकोत' म्हणून लहानपणापासून उन्हापासून दूर, घरात लपवून वाढवण्याची प्रथा होती, आणि त्यांचा फिकट वर्ण घराण्याच्या मोठेपणाची खूण समजला जाई. याच बिनुकोतांनी बेटावरची प्रदीर्घ महाकाव्ये मुखोद्गत करून जपली, हेही सांगायचे राहू नये. तेव्हा फिका रंग म्हणजे 'शेतात राबावे लागत नाही' असा अर्थ होता. वसाहतीच्या काळात त्यावर गोऱ्या सत्ताधाऱ्याच्या रंगाचा थर चढला. थोडी मोठी मुले हा फरक नीट समजतात.

ज्यांच्याविषयी कथा आहे त्यांना कथेबाहेरही भेटवा

पनायची प्रसिद्ध कथा सांगते की बोर्निओहून दहा दातू, म्हणजे सरदार, आले आणि त्यांनी आती लोकांचा प्रमुख मारिकुदो याला सोन्याचा सालाकोत, म्हणजे टोप, देऊन सपाट प्रदेश विकत घेतला. मारिकुदोच्या पत्नीला सोन्याचा लांबलचक हार हवा होता, तोही दिला. मग आती डोंगरात निघून गेले. आलेल्या सरदारांच्या म्होरक्याचे नाव दातू पुती, आणि 'पुती' म्हणजे पांढरा. मूल यातून काय घेते? बुटके, काळे, भोळे लोक चकाकत्या वस्तूवर भाळून आपले बेट देऊन टाकतात, आणि राजीखुशीने जातात.

ही कथा पेद्रो मोंतेक्लारो यांच्या १९०७ च्या 'मारागतास' या पुस्तकामुळे पसरली आणि दीर्घकाळ शाळांत इतिहास म्हणून शिकवली गेली. विल्यम हेन्री स्कॉट या इतिहासकाराने १९६८ मध्ये दाखवून दिले की ते पुस्तक म्हणजे स्पॅनिशपूर्व काळातला दस्तऐवज नव्हे. म्हणून ही कथा सांगताना 'असे घडले' असे न म्हणता 'असे सांगतात' असे म्हणावे, आणि लगेच विचारावे: आतींच्या आजीने हीच कथा सांगितली असती तर ती कशी असती? जमीन विकली असे म्हणाली असती का?

त्यापुढे आजच्या आतींविषयी सांगावे. फिलिपिन्समध्ये मूलनिवासींच्या हक्कांचा कायदा १९९७ मध्ये झाला आणि त्याच्या आधारे बोराकाय बेटावरील आतींना २०११ मध्ये पूर्वापार जमिनीची सनद मिळाली, ती अवघ्या २.१ हेक्टरांची, पर्यटकांनी गजबजलेल्या बेटावर. सोन्याच्या टोपाच्या कथेशेजारी हा आकडा ठेवला की मुले स्वतःच प्रश्न विचारू लागतात. तसेच लुझोन बेटावरील आएतांसाठी पिनातुबो हा डोंगर आपो नामाल्यारी या देवाचे स्थान आहे, आणि १९९१ च्या प्रचंड उद्रेकाने त्यांना तेथून विस्थापित केले, हेही सांगावे. 'नेग्रितो' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ 'छोटा काळा' असा होतो; मुलांशी बोलताना तो टाळून त्या त्या लोकांचे स्वतःचे नाव वापरावे.

मराठीत सांगताना

मराठीत या कथा सांगणाऱ्याला आपल्याच भाषेपासून सावध राहावे लागते. राजकन्या म्हटली की तोंडून 'गोरीपान' निघते, राक्षस म्हटला की 'काळाकुट्ट', आणि नाक म्हटले की एक तर 'चाफेकळी' नाही तर 'नकटे'. मूळ तागालोगमध्ये 'मागांदा' एवढेच असते, म्हणजे सुंदर. तेथे गोरेपणा आपण आपल्या पदरचा घालतो. कायुमांगगी, म्हणजे तपकिरी वर्णाचा, या शब्दासाठी 'सावळा' म्हणावे की 'गव्हाळ' यावर मी बराच विचार केला, आणि शेवटी मूळ शब्दच ठेवून एकदा समजावून सांगणे मला अधिक बरे वाटते, कारण 'गव्हाळ'मध्ये गोरेपणाच्या जवळ असल्याची सोय लपलेली असते. नाकाच्या बाबतीतही तेच: तागालोगमधला 'पांगो' हा शब्द बसक्या नाकासाठी चिडवताना वापरला जातो, त्याचे भाषांतर 'नकटा' करून ते पात्राच्या तोंडी घालायचे असेल तर चिडवणारे कोण आणि त्याला उत्तर कोण देते, हे कथेत असायला हवे.

भाजलेल्या मातीच्या कथेचे मी काय करतो

अगदी लहान मुलांसाठी मी ती बदलतो आणि बदलल्याचे सांगतोही: बाथाला तीन ठिकाणची तीन प्रकारची माती आणतो, नदीकाठची काळी, डोंगरातली तपकिरी, किनाऱ्यावरची फिकी, आणि तिन्ही खेपा नीट भाजल्या जातात. सात वर्षांपुढच्या मुलांना मी जुनी कथा जशीच्या तशी सांगतो, पण तिसऱ्या खेपेनंतर थांबतो आणि ही कथा कोणी रचली असेल असे विचारतो. 'तिसऱ्या खेपेतल्याने' हे उत्तर येतेच. मग पहिल्या खेपेतल्या माणसाच्या तोंडून तीच कथा सांगायला सांगतो. एका मुलाने सांगितले की पहिली माणसे करपली वगैरे काही नाहीत. थंडी होती, देव भट्टीजवळ बसून त्यांच्याशी बोलत राहिला, म्हणून ती सर्वांत जास्त वेळ उबेत राहिली.

एखादे मूल स्वतःच्या हाताकडे पाहून "म्हणजे मी करपलेली?" असे म्हणाले, तर "छे, तू किती छान आहेस" असे म्हणून विषय मिटवू नये. "कथेत तसे म्हटले आहे, आणि ते चुकीचे म्हटले आहे," असे स्पष्ट सांगावे, आणि तेथेच थांबून मुलाला बोलू द्यावे.

किशोरवयीन मुलांसाठी 'इबोंग अदार्ना' हे पद्यकथानक फिलिपिन्समधील शाळांत शिकवले जाते, आणि त्यात हाच प्रश्न नाट्यरूपाने येतो. नायिकेचे नाव मारिया ब्लांका, म्हणजे शुभ्र मारिया. तिला विसरून गेलेला राजपुत्र डॉन हुआन याला जागे करण्यासाठी ती एक खेळ दाखवते, त्यात एक नेग्रिता एका नेग्रितोला चाबकाने मारते आणि प्रत्येक फटक्याची वेदना डॉन हुआनला होते. वर्गात हा प्रवेश बसवायचा असेल तर कोणाचाही चेहरा काजळाने रंगवू नये. दोघांना साध्या मुखवट्यांच्या बाहुल्या द्याव्यात, चाबकाचा आवाज पडद्यामागून काढावा, आणि प्रयोगापूर्वी मुलांना एकदा विचारावे की वेदना राजपुत्राला व्हायची होती, तर मार खायला कवीने याच दोघांना का उभे केले.