‘निघालोच की’ म्हणणारा ड्रायव्हर आणि तुमचे पैसे

इचलकरंजी सोडून मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला आलो २००८ साली. पहिले काही महिने शब्दांशीच झटापट चालली होती. आमच्याकडचं वडाप म्हणजे इथली काळीपिवळी. आमच्याकडे सातारा म्हणजे अख्खा जिल्हा, इथे बीड बायपासपलीकडची वस्ती. एका सहकाऱ्याने “संध्याकाळी साताऱ्याला या जेवायला” म्हटलं, तेव्हा हा माणूस माझी चेष्टा करतोय असंच मला वाटलं होतं.

आता कंपनीत नव्याने रुजू होणारी पोरं मला विचारतात. घर कुठे बघू, टाकी केवढी हवी (मोठी बघा, शहरात नळाला रोज पाणी येत नाही), उन्हाळा कसा काढायचा. ठरवलेली गाडी आलीच नाही तर काय करायचं, हे मात्र कुणी आधी विचारत नाही. विचारतात ते विमान चुकल्यावर, आणि तोवर हातात दाखवायला काही उरलेलं नसतं.

माझ्यावर ती वेळ आली मे २०२२ मध्ये. मुलीच्या प्रवेशासाठी बायको आणि मुलगी बेंगळुरूला निघाल्या होत्या. पुण्याहून सकाळी ६.४० चं विमान. लोहगावचा विमानतळ इथून दोनशे किलोमीटरच्या पुढे. म्हणून बजाजनगरमधून रात्री साडेअकराची गाडी ठरवली. भाडं टोलसह ४,५००, त्यातले १,५०० आधीच दिलेले. पावणेबाराला फोन केला तर ड्रायव्हर म्हणाला, “निघालोच की साहेब, दहा मिनिटं.” सव्वाबाराला म्हणाला, पंक्चर झालंय. त्यानंतर फोन बंद. एक वाजता ट्रॅव्हल्सवाल्याने फोन उचलला आणि खरं सांगून टाकलं : गाडी लग्नाच्या वऱ्हाडात अडकली होती. पावणेदोनला ७,००० रुपये कबूल करून दुसरी गाडी मिळाली. वाघोलीच्या गर्दीतून ती विमानतळावर पोचली सव्वासहाला. काउंटर बंद झालेला होता.

इथली पद्धत आधी समजून घ्या. तुम्ही ज्याच्याशी बोलता, गाडी त्याच्या मालकीची असतेच असं नाही. तो तुमची ‘ड्यूटी’ व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतो, दुसरा कुणीतरी ती उचलतो, आणि मधलं कमिशन पहिल्याचं. लग्नाची दाट तीथ असली की ड्रायव्हरला दोन दिवसांची पार्टी मिळते. मग तुमच्या एका रात्रीच्या फेरीला कोण विचारतो? म्हणून एप्रिल-मेमध्ये गाडी ठरवताना कॅलेंडरवर लग्नतिथी बघा. मी हे गंमतीने म्हणत नाही. तीथ असेल तर दोन तास आधीची वेळ सांगा, नाहीतर सरळ आदल्या दिवशी पुण्यात मुक्कामाला जा. एसटी आहे, बाबा पंपावरून खाजगी बसही आहेत.

दुसरं, हे लोक मनाने वाईट नसतात. सगळा व्यवहार तोंडी आणि विश्वासावर चालतो, आणि लिहून मागितलं तर समोरचा दुखावेल असं आपल्यालाच वाटतं. मागा. भाडं ठरलं की लगेच असा एक मेसेज टाकायचा :

“भाऊ, १२ मे गुरुवार रात्री ११.३०, बजाजनगर मोरे चौक ते पुणे विमानतळ. १३ तारखेला सकाळी ६.४० चं विमान आहे, वेळेत पोचणं गरजेचं. भाडं ४,५०० टोलसह, १,५०० जमा केले. गाडी नंबर आणि ड्रायव्हरचा नंबर संध्याकाळपर्यंत पाठवा.”

त्याचं “ओके” आलं की झालं. यातला एक शब्दही वायफळ नाही. खूण अशी द्यायची की इथला पोरगाही डोळे मिटून येईल, म्हणजे “पत्ता सापडला नाही” ही सबब उरत नाही. वार आणि तारीख दोन्ही लिहायचं, कारण “बाराच्या रात्री साडेबारा” म्हणजे बारा तारीख की तेरा, यावरून मी माणसं भांडताना पाहिली आहेत. विमानाची वेळ तर लिहायचीच. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७३ प्रमाणे, करार मोडल्यावर जे नुकसान ओघानेच होतं ते, किंवा जे होईल हे करार करतानाच दोघांना ठाऊक होतं ते, मागता येतं. तुम्ही विमानाचं बोललाच नसाल तर तो म्हणणार, मला काय माहीत हे फिरायला चाललेत की विमान धरायला? इसार यूपीआयने देताना शेऱ्यात ‘१२ मे पुणे गाडी’ एवढं तरी लिहा. रोख दिलात तर दिल्याचा मेसेज टाका.

गाडी पांढऱ्या नंबर प्लेटची असेल तर मी घेत नाही. भाड्याची गाडी पिवळ्या पाटीचीच हवी. अपघात झाला तर विमा कंपनी तिथेच बोट ठेवते.

आता ती रात्र. ड्रायव्हरवर ओरडू नका, ते पोरगं बहुतेक वेळा दुसऱ्याच्या गाडीवर पगारी असतं. प्रत्येक फोननंतर ट्रॅव्हल्सवाल्याला मेसेज टाकत जा : “११.५० झाले, गाडी आलेली नाही.” अर्ध्या तासात सोय झाली नाही तर “मी दुसरी गाडी करतोय, फरक तुमच्याकडून घेणार” असं लिहून खरोखरच दुसरी गाडी करा. घरी बसून विमान चुकवलं आणि मग सगळं नुकसान मागितलं तर ते टिकत नाही, नुकसान कमी करायला तुम्ही काय केलंत हे विचारलं जातं. दुसऱ्या गाडीची पावती घ्या, छापील नसेल तर कागदावर सहीची. मी ती पेट्रोल पंपावर गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहून घेतली होती. पुढे तोच कागद सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

विमान चुकलंच तर विमान कंपनीकडे कर आणि विमानतळ शुल्क परत मागा. तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी वापरलं न गेलेल्या तिकिटावरची ही रक्कम परत द्यावी लागते. आम्हाला दोन तिकिटांचे मिळून १,१०० मिळाले. नवी तिकिटं १५,८०० ची पडली होती, तेव्हा तिथलं निव्वळ नुकसान १४,७००. गाडीचा जादा खर्च ४,००० (बुडालेला इसार १,५०० आणि भाड्यातला फरक २,५००). एकूण १८,७००. असा हिशेब पहिल्याच दिवशी वहीत मांडा. राग निवल्यावर आकडे आठवत नाहीत.

ट्रॅव्हल्सवाल्याने चहाला बोलावलं आणि १,५०० परत देऊ केले. बोलणं गोड, पण कागदावर “आता काही बाकी नाही” अशी ओळ होती. अशा ओळीवर सही करू नका. पैसे घ्यायचे तर “इसार परत मिळाला, बाकी मागणी कायम” असं लिहून घ्या. मी काहीच घेतलं नाही, पंधरा दिवसांची मुदत देऊन पोस्टाने नोटीस पाठवली. वकील केला नाही. साध्या मराठीत दीड पान.

उत्तर आलं : ड्रायव्हर आमचा नाही, आम्ही फक्त गाडी जुळवून दिली. हाच युक्तिवाद मोठ्या ॲप कंपन्याही करतात. डोंबिवलीच्या एका वकीलबाईंचं २०१८ मध्ये ॲपच्या गाडीमुळे चेन्नईचं विमान चुकलं. ठाण्याच्या ग्राहक आयोगासमोर कंपनी म्हणाली, आम्ही नुसता मंच आहोत. २०२२ मध्ये आयोगाने ते अमान्य केलं आणि २० हजार द्यायला लावले : १० हजार मनस्तापाचे, १० हजार खर्चाचे. पैसे ज्याने घेतले आणि वेळ ज्याने कबूल केली त्याला धरायचं, हे मी तिथून उचललं.

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मोठ्या कंपनीविरुद्ध तिचा उपयोग होतो, गल्लीतल्या ट्रॅव्हल्सवाल्यावर फारसा नाही. माझ्या तक्रारीवर तिकडून कुणी हूं की चूं केलं नाही. ॲपवर ठरवलेल्या गाडीसाठी राज्याने मे २०२५ मध्ये धोरण काढलं. ड्रायव्हरने फेरी रद्द केली तर भाड्याच्या १० टक्के किंवा १०० रुपये, यातली कमी रक्कम प्रवाशाच्या खात्यात जमा व्हायला हवी. शंभर रुपयांत विमान काही परत येत नाही, पण रद्द झाल्याची ती नोंद जपून ठेवा.

खरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू झाला जुलै २०२० मध्ये, आणि त्यात नोकरीसाठी आलेल्यांना हवी ती गोष्ट आहे : तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पुण्याच्या कंपनीने लातूरला सोडायची गाडी पाठवली नाही आणि तुम्ही लातूरला राहता, तर लातूरलाच दाखल करा. घटनेपासून दोन वर्षांच्या आत. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मागणी कितीची आहे हे इथे बघत नाहीत, दिलेले पैसे बघतात. वकील सक्तीचा नाही. आता २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल करता येते, पण मी हातात फाइल घेऊन गेलो होतो. तिथल्या कारकुनाने दोन चुका काढल्या : प्रतिज्ञापत्र नव्हतं आणि पानांना क्रमांक नव्हते. दुसऱ्या खेपेला घेतलं.

एक अडचण सांगून ठेवतो. गाडी कंपनीच्या कामासाठी, कंपनीच्या पैशाने ठरली असेल तर समोरचा ‘व्यापारी हेतू’ म्हणून तुम्हाला ग्राहकच मानणार नाही. ते भांडण ॲडमिनवाल्यांना करू द्या.

मागणी किती करायची? मी १८,७०० नुकसान, १० हजार मनस्ताप आणि ५ हजार खर्च, असे ३३,७०० मागितले. ओळखीच्या एकाने पाच लाख मागायला सांगितलं होतं. त्याचं ऐकलं नाही हे बरं झालं, कारण माझ्या प्रत्येक आकड्यामागे एक कागद होता आणि समोरच्याला ते दिसत होतं. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावावा असं आहे. त्यावर विसंबून रजा टाकू नका, तारखा पडतात. ऑगस्टमध्ये दाखल केलेलं माझं प्रकरण फेब्रुवारीत तडजोडीने मिटलं : १८ हजार, दोन हप्त्यांत, आयोगासमोर लिहून. बायको म्हणाली, आणखी ताणायला हवं होतं. मला तेवढं पुरे वाटलं. गाव तेच, रस्ता तोच, पुन्हा त्याच माणसाची गाडी लागणार होती.

लागलीही. मागच्या दिवाळीत बाकी सगळ्यांनी हात वर केले तेव्हा त्यालाच फोन केला. संध्याकाळी न मागता गाडीचा नंबर आला, ड्रायव्हरचा फोटो आला, आणि खाली एक ओळ : “साहेब, स्क्रीनशॉट काढून ठेवा.”