स्थलांतरितांना भाड्याची खोली मिळवून देताना या चुका टाळा

पुण्यात कात्रज, वारजे, भोसरी भागात कामाला आलेल्या कुटुंबांना खोली मिळवून द्यायला मी काही वर्षं मदत करतेय. कोणी लातूर-नांदेडहून आलेलं असतं, कोणी ओडिशा-बिहारहून, कोणी नेपाळहून. घरमालकांच्या चुकांबद्दल सगळेच बोलतात. पण मदत करणारे आपणही चुकतो, आणि भुर्दंड त्या कुटुंबाला पडतो. म्हणून हे लिहितेय.

‘नोटरी झाली, आता काळजी नाही’

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते, असं एजंट छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्रात हे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा आणि त्याची नोंदणीही हवी, मग मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

मालक तयार होत नसेल तर त्याला कलमं ऐकवू नका. मीही सुरुवातीला ऐकवायचे, आणि त्यापायी दोन खोल्या हातच्या गेल्या. त्याचा फायदा त्याला सांगा. रीतसर लिव्ह अँड लायसन्स करार (ठरलेल्या मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी देणारा) असेल आणि मुदत संपूनही कोणी जागा सोडली नाही, तर कलम 24 खाली त्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, थेट अर्ज करता येतो, दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालावे लागत नाहीत. हे ऐकल्यावर बहुतेक मालक कागदपत्रं काढायला उठतात.

करारात डिपॉझिट कमी लिहिणं

धाराशिवकडच्या एका बाईंनी 30 हजार रुपये डिपॉझिट रोख दिलं होतं. करारात लिहिलं होतं 5 हजार. ‘तेवढीच स्टॅम्प ड्युटी वाचते’, असं एजंट म्हणाला आणि त्यांनी अंगठा लावला. खोली सोडताना मालकाने कागद पुढे ठेवला आणि 5 हजार हातावर टेकवले. लेखी करारात जे नमूद असतं तोच कलम 24 प्रमाणे निर्णायक पुरावा. आम्ही मालकाला भेटलो, शेजाऱ्यांना साक्षीला नेलं, काही उपयोग झाला नाही.

वाचलं किती, याचा हिशोब मी नंतर केला. मुद्रांक शुल्क लागतं 0.25 टक्के, आणि तेही मुदतीचं एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वर्षाला 10 टक्के दराने व्याज, एवढ्याच रकमेवर. म्हणजे 25 हजार लपवून अकरा महिन्यांच्या करारात वाचले जेमतेम सहा रुपये! महिना 6000 भाडं आणि 20 हजार डिपॉझिट असेल तर अख्खं शुल्क 170 रुपयांच्या आसपास येतं. शहरी हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये आणि एजंटचे पैसे वेगळे. तेव्हा अंगठा लावण्याआधी डिपॉझिटचा आकडा मोठ्याने वाचून दाखवा, शक्य असेल तर त्यांच्या भाषेत.

भाडं मुकादमाच्या हातून देणं

मुकादम पगारातून भाडं कापतो, मालकाला देतो की नाही हे कुणालाच कळत नाही. करारात नाव राहणाऱ्याचंच हवं. मुकादमाचं असेल तर काम सुटलं की खोलीही सुटते. पैशांची लेखी पावती देणं मालकाला कलम 26 प्रमाणे बंधनकारक आहे. पावतीपुस्तक नसेल तर साध्या वहीत तारीख, रक्कम आणि मालकाची सही चालेल. यूपीआयने दिलं तर आणखी बरं.

स्वतःच्या आधारवर काम भागवणं

समोरच्याकडे कागद नाहीत म्हणून दया येते आणि आपण आपल्या नावावर खोली घेतो. हे करू नका. पुढे पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये राहणारा एक आणि नाव दुसऱ्याचं निघतं, तेव्हा संशय राहणाऱ्यावर येतो. नेपाळी माणसाला 1950 च्या करारामुळे इथे राहायला व्हिसा लागत नाही, त्याची ‘नागरिकता’ (नेपाळच्या नागरिकत्वाचं प्रमाणपत्र) पुढे ठेवा. आधार नसेल तर ऑनलाइन नोंदणी अडते, मग दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जावं लागतं. अफगाण विद्यार्थ्यांसारख्या परदेशी व्यक्तींच्या बाबतीत मालकाने 24 तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, म्हणून व्हिसा किंवा निवासी परवान्याची मुदत तुम्हीही तुमच्या वहीत टिपून ठेवा.

‘तुम्हाला कोणी काढू शकत नाही’ असं सांगणं

चांगल्या मनाने दिलेला हा धीर सगळ्यात महागात पडतो. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याने भाडेकरू नसतो. मुदत संपल्यावर तो राहिला तर करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई अंगावर येऊ शकते. मात्र मालकालाही प्राधिकाऱ्याकडून आदेश आणावा लागतो. भांडीकुंडी बाहेर फेकून परस्पर कुलूप ठोकणं हा मार्ग नव्हे. तसं झालं तर कुलूप तोडू नका. फोटो काढा, 112 ला फोन करा, चौकीत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

प्राधिकाऱ्याचं समन्स आलं तर 30 दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. नाहीतर मालकाचं म्हणणं मान्य आहे असं धरलं जातं. एका ओडिया कुटुंबाने ते समन्स घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. सरकारी कागद आहे, जपला पाहिजे, म्हणून. आमच्याकडे आणलं तोवर चाळीस दिवस उलटले होते. तेव्हापासून खोली मिळाली की पहिल्याच दिवशी मी घरातल्या बाईंना सांगते: शिक्का असलेला कुठलाही कागद आला की त्याच संध्याकाळी त्याचा फोटो मला पाठवा. आणि विधी सेवेचा 15100 हा नंबर दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून येते. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.