थंडीत घरचं बायोडिझेल: तेल निवडण्यापासून टाकी भरेपर्यंत

खाद्यतेलात मिथेनॉल आणि उत्प्रेरक (रिअ‍ॅक्शन घडवणारा पदार्थ) मिसळून तापवलं की त्याचं बायोडिझेल आणि ग्लिसरिन होतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पहाटेचा पारा ५–६ अंशांपर्यंत उतरतो. पामतेलाचं बायोडिझेल मात्र १५ अंशांच्या आसपासच गढुळायला लागतं (त्यात मेण धरतं), म्हणजे पुण्यातली साधी हिवाळी रात्रही त्याला पुरते. थंडीतली निम्मी कटकट तेल घेतानाच ठरते, उरलेली उष्णता कुठे निसटली त्यावर.

तेल

फरसाणवाल्यांकडचं वापरलेलं तेल बहुधा पामोलिन असतं. ते उन्हाळ्यासाठी ठेवा. आत्ता सोयाबीन किंवा सूर्यफूल शोधा. त्यांचं बायोडिझेल साधारण ० ते ३ अंशांवर गढूळ होतं. शेंगदाणा तेल फसवं आहे. त्यातल्या लांब साखळीच्या संतृप्त आम्लांमुळे त्याचं बायोडिझेल पामच्याच पंगतीत बसतं.

मिश्र तेल असेल तर थंडीलाच कामाला लावा. पिंप २–३ रात्री उघड्यावर, झाकण लावून, न हलवता ठेवा. घट्ट चरबी तळाशी बसते; पहाटे वरचं निवळ तेल काढून घ्या. तळाचा लगदा फेकू नका, मार्चनंतर चालतो.

मग तेल ६० अंशांवर तापवून रात्रभर स्थिर ठेवा आणि तळाचं पाणी सोडून द्या. खात्रीसाठी फोडणीच्या पळीत चमचाभर तेल १२० अंशांपर्यंत तापवा. तडतडलं तर पाणी शिल्लक आहे, आणि पाणी म्हणजे पुढे साबण.

उत्प्रेरकाचं माप

उत्प्रेरक म्हणून थंडीत कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) वापरा. सोड्याचं ग्लिसरिन ३८ अंशांच्या खाली थिजून कॉकमध्ये बसतं, पोटॅशचं पातळ राहतं. एवढ्या एका बदलानं बरीच डोकेदुखी वाचते.

पोटॅश किती लागेल ते तेलातल्या आम्लावर ठरतं, म्हणून आधी ते मोजा. १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात तेच पोटॅश १ ग्रॅम विरघळवा. १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १ मिली तेल घाला. गार तेल विरघळत नाही, म्हणून पेला कोमट पाण्यात धरा. फिनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शकाचे दोन थेंब टाकून पोटॅशचं पाणी थेंबथेंब सोडा. गुलाबी छटा १५ सेकंद टिकली की थांबा. फिनॉल्फ्थॅलिन नसेल तर हळद चालते, ती तांबडी होते. जेवढे मिली लागले त्यात ७ मिळवा. तेवढे ग्रॅम पोटॅश (९० टक्के शुद्धतेचं) दर लिटर तेलाला. २ मिली लागले तर १०० लिटरला ९०० ग्रॅम. ५ मिलीच्या वर आकडा गेला तर ते तेल परत करा.

रिअ‍ॅक्शन

१०० लिटर तेलाला २२ लिटर मिथेनॉल. पोटॅश एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या) कॅनमध्ये मिथेनॉलमध्ये थोडं थोडं घालून पूर्ण विरघळवा. ते स्वतःच तापतं, कॅन शेगडीजवळ नेऊ नका.

थंडी वाजते म्हणून दारं-खिडक्या लावून हे काम करणं सगळ्यात वाईट. मिथेनॉलची वाफ विषारी आणि ज्वालाग्राही आहे, त्याची ज्वाला दिवसाउजेडी दिसतही नाही. उघडी शेड, रबरी हातमोजे, चष्मा. अॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको. पोटॅश त्याला खातं आणि हायड्रोजन सुटतो. मिथेनॉल खरेदीचे आणि साठवणुकीचे नियमही कडक आहेत, ते आधी पाहा.

तेल ६० अंशांवर आणा, हीटर बंद करा, पंप चालू ठेवून पोटॅश-मिथेनॉलचं मिश्रण १०–१५ मिनिटांत हळूहळू सोडा. १० अंशांचं २२ लिटर मिथेनॉल घातलं की टाकी ८–९ अंशांनी उतरते. ५५ वर सुरू केलंत तर ४६ वर आलात. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, म्हणून ६० च्या पुढेही जाऊ नका. ५०–५५ अंश दीड ते दोन तास टिकले पाहिजेत. टाकीला आधीच ग्लासवूल आणि वरून गोणपाट गुंडाळा. तरीही उतरत असेल तर बाहेरच्या आवरणातून गरम पाणी फिरवा, आत पेटतं काही नको. ४५ च्या खाली गेलं की रिअ‍ॅक्शन अर्धवट राहते.

मग ८–१२ तास ४० अंशांच्या वर स्थिर ठेवा आणि तळाचं १५ ते २० लिटर ग्लिसरिन काढा. त्यातही मिथेनॉल असतं, ते घराबाहेर मोकळ्या हवेत ठेवा.

चाचणी

३ मिली बायोडिझेल २७ मिली मिथेनॉलमध्ये हलवा. तळाशी थेंब जमला तर तेल कच्चं राहिलंय. ही चाचणी २०–२२ अंशांवरच करायची. सकाळच्या गारठ्यात चांगलं बायोडिझेलही खाली बसतं, आणि माणूस विनाकारण पुन्हा रिअ‍ॅक्शन करत बसतो.

धुणं आणि वाळवणं

पाणी ४५–५० अंशांचं, आधी फवाऱ्यानं, न घुसळता. गार पाण्यानं मेयोनीजसारखं पांढरं इमल्शन होतं. झालंच तर सगळं ५० अंशांवर तापवून गरम मिठाचं पाणी घाला आणि थांबा. तळाचं पाणी स्वच्छ येईपर्यंत ३–४ वेळा धुवा.

वाळवताना ५० अंशांवर तापवून पंपानं वरून फवारत फिरवा. हिवाळ्यातलं गार बायोडिझेल नुसतं उघडं ठेवून वाळत नाही. भारतीय मानक आयएस १५६०७ मध्ये पाण्याची मर्यादा किलोला ५०० मिलिग्रॅम आहे.

बरणी गढूळ दिसली तर पाणी की थंडी? ४० अंशांवर निवळवा आणि २५ वर आणून ठेवा. तिथंच परत गढूळ झालं तर पाणी आहे. निवळ राहिलं तर फक्त थंडीचं गढूळपण.

इंजिनात

अर्धा लिटर बाटलीत भरून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा, मग बाहेर काढून कितव्या अंशावर निवळतं ते थर्मामीटरनं टिपा. पहाटेचं तापमान त्या आकड्याच्या खाली जाणार असेल तर डिझेलमध्ये २० टक्क्यांपेक्षा जास्त मिसळू नका. पाम मिश्रणात असेल तर त्याहूनही कमी. डिझेलची थंडीरोधक औषधं पामवर फारशी चालत नाहीत, पैसे वाचवा. आणि हे सगळं जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनासाठी. बीएस-६ कॉमन रेल गाडीत घरचं बायोडिझेल घालू नये.

फिल्टर चोंदला तर तो काढून कोमट जागी ठेवा. मेण वितळून मोकळा झाला तर गारठ्याचा प्रश्न, मिश्रण पातळ करा. कोमट करूनही पांढरा, चिकट थर तसाच राहिला तर ते संतृप्त मोनोग्लिसराइड (अर्धवट बदललेलं तेल) असण्याची शक्यता जास्त: रिअ‍ॅक्शन अपुरी झाली होती. उरलेला साठा १० अंशांवर एक रात्र ठेवून ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, आणि पुढच्या खेपेला थर्मामीटर टाकीच्या तळाशी लावा.